हार्मोन उपचार सुरू होईपर्यंत : प्रतीक्षेच्या काळाचे नियोजन

महाराष्ट्रात हार्मोन उपचार सुरू करू पाहणाऱ्या पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तीला अनेक रांगांत उभे राहावे लागते. आधी मानसोपचारतज्ज्ञांच्या पत्रासाठी, मग एंडोक्रिनॉलॉजिस्टच्या, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांच्या वेळेसाठी, त्यानंतर तपासण्यांच्या पैशांसाठी, ओळख प्रमाणपत्रासाठी, आणि पुष्कळदा घरच्यांच्या होकारासाठी किंवा स्वतंत्र खोली घेण्याइतक्या पगारासाठीही थांबावे लागते. एक रांग संपल्यावरच दुसरीत उभे राहिले, तर हा काळ वर्षांच्या हिशेबात जातो. यांतल्या बहुतेक रांगा एकाच वेळी लावता येतात आणि काही अजिबात लावाव्या लागत नाहीत. कोणती केव्हा लावावी, आणि दरम्यान शरीराची व मनाची काळजी कशी घ्यावी, हे क्रमाने सांगण्याचा येथे प्रयत्न आहे. लेख अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी आहे. औषधांचे डोस मुद्दामच दिलेले नाहीत.

पहिली पायरी : उशीर कोठे होतो आहे ते लिहून काढावे

वहीचे एक पान घेऊन त्यावर प्रत्येक रांग स्वतंत्र लिहावी: कोणाकडे विचारणा केली, कोणत्या तारखेला केली, काय उत्तर मिळाले आणि पुढचे पाऊल कोणाच्या हातात आहे. हे काम कारकुनी वाटते, पण ते केल्यावर असे लक्षात येते की पुढचे पाऊल बऱ्याचदा आपल्याच हातात असते आणि आपण मात्र दवाखान्याच्या फोनची वाट पाहत बसलेलो असतो.

उशिराची काही कारणे आपल्या आवाक्याबाहेरची असतात, हेही मान्य केले पाहिजे. हैदराबादला २०२१ मध्ये पारलिंगींसाठी सुरू झालेले मित्र क्लिनिक आणि त्याच उपक्रमातून कल्याण व पुणे येथे उघडलेली केंद्रे समुपदेशन, हार्मोन सल्ला आणि एचआयव्ही सेवा एकाच छताखाली देत असत आणि तेथे पारलिंगी समाजातलेच लोक काम करीत असत. हा उपक्रम अमेरिकेच्या यूएसएड या संस्थेच्या निधीवर चालत होता. जानेवारी २०२५ मध्ये तो निधी थांबवला गेला आणि तिन्ही केंद्रे बंद पडली. तेथे उपचार घेणाऱ्यांना रातोरात सरकारी ओपीडी, खासगी डॉक्टर किंवा मेडिकलचे दुकान यांपैकी काहीतरी निवडावे लागले. अशा व्यक्तींची प्रतीक्षा नव्याने सुरुवात करणाऱ्यांच्या प्रतीक्षेहून वेगळी असते, कारण त्यांचे उपचार मध्येच तुटतात. त्यांनी जुन्या चिठ्ठ्या, रक्ताचे शेवटचे दोन-तीन अहवाल आणि शेवटच्या इंजेक्शनची तारीख एकत्र करून नवीन डॉक्टरांकडे जावे आणि वेळ मागतानाच ‘चालू उपचारात खंड पडला आहे’ असे स्पष्ट सांगावे. मधल्या काळात चुकलेले डोस दुप्पट घेऊन भरून काढू नयेत.

आणखी एका गटाने प्राधान्याची मागणी करायला हवी आणि तो गट सहसा ती करीत नाही. ज्यांचे अंडकोष किंवा अंडाशय काढलेले आहेत, मग ते रुग्णालयात असो वा हिजडा समाजाच्या परंपरेने, म्हणजे निर्वाण झालेले असो, आणि ज्यांना त्यानंतर कोणतेही हार्मोन मिळत नाही, त्यांच्या शरीरात कोणतेच लैंगिक हार्मोन पुरेसे तयार होत नाही. अशी वर्षे गेली की हाडे ठिसूळ होतात. ही माहिती केसपेपर काढतानाच सांगावी आणि हाडांच्या घनतेच्या तपासणीविषयी विचारावे. येथे नुसते थांबणे हेच अपायकारक आहे.

दुसरी पायरी : पत्र

बहुतेक एंडोक्रिनॉलॉजिस्ट उपचारांआधी मानसोपचारतज्ज्ञांचे किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचे पत्र मागतात. पत्रासाठी कोणाकडे जायचे हे ठरवण्यापूर्वी ज्या डॉक्टरांकडे पुढे हार्मोनसाठी जायचे आहे त्यांच्या दवाखान्यात फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात: पत्र मानसोपचारतज्ज्ञांचेच हवे की सायकॉलॉजिस्टचेही चालते, एक हवे की दोन, आणि किती जुने चालते. हा फोन न केल्यामुळे पत्र दुसऱ्यांदा घ्यावे लागते आणि दोन्ही वेळची फी भरावी लागते. सायकॉलॉजिस्टकडे जाणार असल्यास त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हेही विचारून घ्यावे.

पत्रात व्यक्तीचे नाव, किती भेटींत मूल्यमापन केले ते, लिंगभाव विसंगतीचे (जन्मतः नोंदवलेले लिंग आणि स्वतःची ओळख न जुळण्याचे) निदान, व्यक्ती स्वतः समजून-उमजून संमती देऊ शकते असा स्पष्ट उल्लेख, हार्मोन उपचारांची शिफारस, तारीख, सही आणि नोंदणी क्रमांक असावा. संमतीच्या क्षमतेचे वाक्य राहून गेले की पत्र परत येण्याची शक्यता वाढते. पारलिंगी आरोग्यासाठी जगभर वापरली जाणारी, डब्ल्यूपाथ या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसंस्थेची आठवी मार्गदर्शिका २०२२ मध्ये आली. तिच्यात प्रौढांच्या हार्मोन उपचारांसाठी एकाच योग्य तज्ज्ञाचे मूल्यमापन पुरेसे मानले आहे आणि आधी दीर्घ मानसोपचार घेण्याची सक्ती नाही. भारतीय डॉक्टरांच्या संघटनेने तयार केलेली स्वतंत्र भारतीय मार्गदर्शिकाही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात लिंगभाव विसंगती मानसिक विकारांच्या यादीतून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली असून ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. डॉक्टरांशी वाद घालण्यासाठी नव्हे, पण ‘आधी वर्षभर साडी नेसून राहून दाखवा, मग बघू’ असे कोणी म्हणाले तर ती अट कोठून आली हे नम्रपणे विचारण्यासाठी ही माहिती उपयोगी पडते.

नैराश्य, चिंता किंवा पूर्वी केलेला आत्महत्येचा प्रयत्न लपवण्याचा मोह अनेकांना होतो, कारण त्यामुळे नकार मिळेल असे वाटते. नैराश्य असणे म्हणजे अपात्र ठरणे नव्हे. ते आटोक्यात आहे आणि त्यावर उपचार चालू आहेत, एवढे तज्ज्ञांना दिसावे लागते. लपवलेली गोष्ट पुढे गोळ्यांच्या यादीतून उघड झाली तर मात्र विश्वास उडतो आणि मूल्यमापन लांबते.

कोणी ‘हे बरे करून देतो’ म्हणून औषधे, शॉक किंवा बाबा-बुवा सुचवले, तर तेथून उठून यावे. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अशा तथाकथित उपचारांवर बंदीचे निर्देश दिले आणि त्यानंतर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ते व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. याविरुद्ध राज्य वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते, परंतु माझ्या मते ती तक्रार आपले उपचार दुसरीकडे सुरू झाल्यावर करावी. प्रतीक्षेच्या काळात अंगावर एकच लढाई घेतलेली बरी.

तिसरी पायरी : डॉक्टरांची वेळ

पत्र हातात येण्याची वाट न पाहता एंडोक्रिनॉलॉजिस्टची वेळ आधीच घ्यावी. वेळ पुढे ढकलता येते, मागे आणता येत नाही. सरकारी रुग्णालयांत ही ओपीडी आठवड्यातल्या ठरावीक वारीच असते, म्हणून वार विचारून घ्यावा आणि त्या दिवशी केसपेपरच्या खिडकीवर सकाळी लवकर पोहोचावे. नाव, लिंग आणि हाक मारण्याची पद्धत यांवरून खिडकीवरच अडचण होण्याची भीती असेल, तर आधी रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवा विभागात जावे. तेथील समाजसेवा अधीक्षक पुढच्या खोलीपर्यंत सोबत येऊ शकतात, बिलात सवलतीची शिफारस करू शकतात आणि कोणते डॉक्टर समजूतदार आहेत हे त्यांना बहुधा ठाऊक असते. हा विभाग बहुतेक मोठ्या सरकारी रुग्णालयांत असतो, पण रुग्ण तिकडे फारसे फिरकत नाहीत.

खासगीत वेळ घेताना रद्द झालेल्या वेळेची यादी ठेवतात का, हे विचारावे आणि आठवड्यातून एकदा शांतपणे फोन करावा. सरकारी आणि खासगी अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नाव लावण्यात गैर काही नाही. एकीकडे काम झाले की दुसरीकडची वेळ रद्द केल्याचे मात्र आठवणीने कळवावे, कारण ती दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडते.

हार्मोन उपचार फक्त एंडोक्रिनॉलॉजिस्टच देऊ शकतात असा समज आहे. वर उल्लेख केलेली डब्ल्यूपाथची मार्गदर्शिका तशी अट घालत नाही. प्रशिक्षण व अनुभव असलेले फिजिशियन आणि स्त्रीरोगतज्ज्ञही हे उपचार देतात. अशा डॉक्टरांची नावे संस्थांकडून कळतात. मुंबईत १९९४ पासून काम करणारा हमसफर ट्रस्ट आणि पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये स्थापन केलेला समपथिक ट्रस्ट यांच्याकडे विचारणा करावी. समाजमाध्यमांवर मिळालेल्या नावाची शहानिशा करताना त्या डॉक्टरांकडे सध्या उपचार घेणाऱ्या दोन व्यक्तींशी तरी बोलावे.

जत, अहेरी किंवा धडगावसारख्या ठिकाणाहून येणाऱ्यांसाठी प्रवास हीच एक मोठी रांग असते. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांची भेट आणि रक्ताचा नमुना देणे एकाच खेपेत बसवावे. मार्च २०२० मधील दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांमुळे नोंदणीकृत डॉक्टर व्हिडिओवरून सल्ला आणि अनेक औषधांची चिठ्ठी देऊ शकतात, त्यामुळे पहिली भेट प्रत्यक्ष आणि पुढच्या काही व्हिडिओवरून होतील का, हे पहिल्याच भेटीत ठरवून घ्यावे.

चौथी पायरी : शरीर तयार ठेवणे

उपचारांपूर्वी साधारणपणे हिमोग्लोबिन व हिमॅटोक्रिटसह रक्ताची संपूर्ण तपासणी, यकृत व मूत्रपिंडाची कार्ये, पोटॅशियम, साखर, चरबीचे प्रमाण, टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन), इस्ट्राडिओल (इस्ट्रोजेन या स्त्री हार्मोनचे मुख्य रूप) आणि काही वेळा प्रोलॅक्टिन हे आणखी एक हार्मोन, या तपासण्या सांगितल्या जातात. उत्साहाच्या भरात त्या सगळ्या आजच करून घेऊ नयेत. सहा महिने जुना अहवाल अनेक डॉक्टर स्वीकारत नाहीत आणि हार्मोनच्या तपासण्या महाग असतात. ज्या गोष्टी सुधारायला वेळ लागतो तेवढ्याच लवकर पाहाव्यात: रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर आणि वजन. रक्तदाब प्राथमिक आरोग्य केंद्रातही मोजून मिळतो. बाकीच्या तपासण्या भेटीच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत कराव्यात.

ट्रान्स पुरुषांमध्ये, म्हणजे जन्मतः मुलगी म्हणून नोंद झालेल्या पुरुषांमध्ये, जास्त पाळीमुळे रक्तक्षय आढळतो आणि त्यावरचे उपचार आजच सुरू करता येतात. टेस्टोस्टेरॉनमुळे पुढे रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण वाढते, म्हणून सुरुवातीचा आकडा नोंदलेला असणे महत्त्वाचे असते. ट्रान्स स्त्रियांसाठी, म्हणजे जन्मतः मुलगा म्हणून नोंद झालेल्या स्त्रियांसाठी, सर्वांत उपयोगी तयारी म्हणजे तंबाखू आणि सिगारेट सोडणे, कारण इस्ट्रोजेन आणि धूम्रपान एकत्र आले की रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. मिश्री आणि गुटखाही यातून सुटत नाहीत, कारण निकोटीन त्यांतही असते आणि तो हृदयाला व रक्तवाहिन्यांना घातकच ठरतो. घरात कोणाला पायात गुठळी होणे, लहान वयात हृदयविकार किंवा स्तनाचा कर्करोग झाला होता का, हे आत्या, काका, मावशी यांच्याकडून सहज बोलता बोलता विचारून ठेवावे. डॉक्टर हा प्रश्न विचारतातच आणि ‘माहीत नाही’ या उत्तरामुळे जादा तपासण्या वाढू शकतात.

एचआयव्हीची औषधे घेणाऱ्यांना हार्मोन मिळत नाहीत, ही अफवा आहे. काही औषधांचा एकमेकांवर परिणाम होतो, म्हणून एचआयव्हीची औषधे देणाऱ्या एआरटी केंद्राचे कार्ड हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवावे आणि हार्मोनची चिठ्ठी एआरटी केंद्रात दाखवावी, एवढेच.

पाचवी पायरी : मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या

वाट पाहून कंटाळलेली व्यक्ती मैत्रिणीच्या किंवा गुरूच्या सांगण्यावरून गोळ्या सुरू करते, आणि तिला दोष देण्यात अर्थ नाही, कारण व्यवस्था तिला दाद देत नसते. धोका नेमका कशात आहे हे मात्र तिला कळलेच पाहिजे.

माला-डी सारख्या गर्भनिरोधक गोळ्या स्वस्त आणि सहज मिळतात, म्हणून पारलिंगी समाजात त्या वर्षानुवर्षे वापरल्या जातात. त्यांतील इस्ट्रोजेन हे इथिनिल इस्ट्राडिओल नावाचे कृत्रिम रूप आहे आणि ते रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवते. म्हणूनच आजच्या मार्गदर्शिका लिंगभावाच्या उपचारांत ते वापरू नये असे सांगतात आणि त्याऐवजी शरीरातील हार्मोनसारखेच असलेले इस्ट्राडिओल देतात. शिवाय छाती लवकर वाढावी म्हणून दिवसाला चार-पाच गोळ्या घेतल्या जातात, तेव्हा गुठळीचा धोका आणखी चढतो, परंतु वाढीचा वेग मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखालीही छातीची वाढ ३ ते ६ महिन्यांत सुरू होते आणि पूर्ण व्हायला काही वर्षे लागतात. टेस्टोस्टेरॉन दाबणाऱ्या औषधांचीही तीच गोष्ट आहे: स्पायरोनोलॅक्टोनने पोटॅशियम वाढू शकते आणि रक्तदाब उतरू शकतो, तर सायप्रोटेरॉनचा यकृतावर परिणाम होऊ शकतो आणि दीर्घकाळ मोठ्या प्रमाणात घेतल्यास मेंदूच्या आवरणावरील गाठीशी त्याचा संबंध आढळला आहे. जिममध्ये मिळणाऱ्या टेस्टोस्टेरॉनच्या बाटलीत लेबलवर लिहिलेलेच औषध असेल याची खात्री नसते आणि एकच सुई दोघांनी वापरली तर एचआयव्ही व कावीळ यांचा संसर्ग होऊ शकतो.

जी व्यक्ती आधीपासून अशी औषधे घेत आहे, तिने ती डॉक्टरांपासून लपवू नयेत. गोळीचे पाकीट बरोबर न्यावे, कधीपासून आणि किती घेतली ते खरे सांगावे, आणि निदान रक्तदाब, यकृत, पोटॅशियम व रक्ताची तपासणी लगेच करून घ्यावी, मग हार्मोनची वेळ कितीही लांब असो. या तपासण्या कोणताही फिजिशियन लिहून देतो. ‘मी स्वतःहून औषध घेत आहे’ असे कळल्यावर काही डॉक्टर रागावतात, हे खरे आहे, परंतु याच माहितीवरून काही डॉक्टर वेळ अलीकडे आणतात. एकाच पायाला सूज व दुखणे, अचानक धाप लागणे, छातीत दुखणे, एका डोळ्याने अंधुक दिसणे किंवा बोलताना जीभ अडखळणे यांपैकी काहीही झाले, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता १०८ वर फोन करावा आणि रुग्णालयात कोणत्या गोळ्या चालू आहेत हे पहिल्याच वाक्यात सांगावे.

सहावी पायरी : हार्मोनशिवाय आज होण्यासारखे

हार्मोनने होतील असे वाटणारे काही बदल मुळात हार्मोनने होतच नाहीत, आणि ते आजच सुरू करता येतात. दाढी हे त्याचे उत्तम उदाहरण. इस्ट्रोजेनने अंगावरची लव विरळ होते, पण एकदा फुटलेली दाढी जात नाही. त्यासाठी लेझर किंवा इलेक्ट्रोलिसिस (विजेने केसाचे मूळ नष्ट करणे) लागते. लेझर काळ्या, जाड केसांवर चांगला चालतो, पांढऱ्या केसांवर चालत नाही, आणि काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका घ्याव्या लागतात. सावळ्या त्वचेवर चुकीच्या यंत्राने डाग पडतात, म्हणून ब्यूटी पार्लरऐवजी त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. डोक्यावरचे केस गळत असतील तर त्याचेही उपचार तेच तज्ज्ञ हार्मोनची वाट न पाहता देऊ शकतात.

आवाजाचेही तसेच आहे. टेस्टोस्टेरॉनने आवाज काही महिन्यांत जाड होऊ लागतो, पण इस्ट्रोजेनने तो बारीक होत नाही. ट्रान्स स्त्रियांना सरावच करावा लागतो आणि तो वाचा-उपचारतज्ज्ञांकडून शिकला तर घसा दुखावत नाही. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत वाचा-उपचारांची सोय असून तेथे विचारणा करता येईल. मराठीत या सरावाला आणखी एक बाजू आहे, कारण आपल्या क्रियापदातच लिंग असते. ‘मी जाते’, ‘मी आलो’ हे आधी विश्वासू मित्रांच्या गटात, मग फोनवर, मग बाजारात बोलून पाहावे. त्याला पैसे लागत नाहीत आणि कोणाची परवानगीही लागत नाही.

ट्रान्स पुरुषांना पाळीचा त्रास असह्य होत असेल, तर टेस्टोस्टेरॉन मिळेपर्यंत पाळी थांबवणारी प्रोजेस्टेरॉन वर्गातील औषधे किंवा कॉपर-टी सारखी दिसणारी पण हार्मोन सोडणारी साधने स्त्रीरोगतज्ज्ञ देऊ शकतात. ही सोय तालुक्याच्या ठिकाणीही मिळते. छाती सपाट दिसण्यासाठी बाइंडर वापरताना तो मापाचा असावा, आठ तासांपेक्षा जास्त वेळ घालू नये, त्यात झोपू नये आणि व्यायाम करू नये. क्रेप बँडेज किंवा चिकटपट्टी गुंडाळू नये, कारण श्वास घेताना ती सैल होत नाही आणि बरगड्यांवर ताण येतो. एप्रिल-मे महिन्यांत चंद्रपूर-नागपूरकडे बाइंडरखाली घामोळे आणि बुरशी होते, त्यामुळे दुपारी सैल शर्टाखाली साधी घट्ट बनियन पुरे. ट्रान्स स्त्रियांनी अवयव दाबून कपडे घालताना लघवी रोखून धरू नये. बाहेर स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून पाणीच न पिण्याची सवय अनेकांना लागते आणि तिने मूत्रमार्गाचा संसर्ग होतो.

सातवी पायरी : मूल हवे की नको

हा प्रश्न वीस-बावीसाव्या वर्षी अप्रस्तुत वाटतो, तरी हार्मोनपूर्वीचा काळ हीच त्याच्या विचाराची योग्य वेळ आहे. इस्ट्रोजेन व टेस्टोस्टेरॉनविरोधी औषधांनी शुक्राणू कमी होतात आणि औषध थांबवल्यावर ते परत येतीलच असे नाही. शुक्राणू गोठवणे तुलनेने सोपे आहे. बीजांडे गोठवण्यासाठी मात्र साधारण दोन आठवडे इंजेक्शने, वारंवार सोनोग्राफी आणि मोठा खर्च लागतो. २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यात सेवा घेणाऱ्यांची व्याख्या विवाहित जोडपे आणि स्त्री अशी केलेली आहे, म्हणून गोठवलेले बीज पुढे कोणाला आणि कोणत्या कागदपत्रांवर वापरता येईल, हे केंद्राकडून लेखी घ्यावे. आणखी एक गोष्ट: टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नाही. पाळी बंद असतानाही गर्भ राहू शकतो.

आठवी पायरी : कागद आणि पैसा

पारलिंगींच्या ओळखीला मान्यता देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालानंतर आलेल्या २०१९ च्या पारलिंगी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याने हार्मोन उपचारांसह वैद्यकीय सुविधा देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. ओळख प्रमाणपत्र जिल्हाधिकारी देतात. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर करता येतो आणि २०२० च्या नियमांत त्यासाठी ३० दिवसांची मुदत घातली होती. कायद्यात आणि नियमांत बदल होत असतात, म्हणून अर्जाच्या दिवशी पोर्टलवर असलेलीच नियमावली वाचावी आणि जुन्या व्हिडिओंवर विसंबू नये. प्रमाणपत्र असल्याशिवाय हार्मोन सुरू होऊ शकत नाहीत असे नाही, पण सरकारी योजनांसाठी ते लागते, त्यामुळे ही रांग पहिल्याच महिन्यात लावलेली बरी. पारलिंगी व्यक्तींना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य संरक्षण देण्यासाठी आयुष्मान भारतअंतर्गत ऑगस्ट २०२२ मध्ये करार झाला. आपल्या जिल्ह्यातील कोणते रुग्णालय त्यातून प्रत्यक्षात काय देते, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला विचारावे.

खर्चाचा अंदाज बांधताना लोक औषधांचाच विचार करतात. पहिल्या वर्षी तपासण्या, फी आणि प्रवास यांवरच जास्त पैसे जाऊ शकतात. भिशी असो की पोस्टातले आवर्ती खाते, पहिल्या सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडल्याशिवाय इंजेक्शन सुरू करू नये असे माझे मत आहे, कारण मध्येच थांबणे हे थोडे उशिरा सुरू करण्यापेक्षा जड जाते.

नववी पायरी : मन आणि घर

वाट पाहताना सर्वांत जास्त त्रास होतो तो इतरांच्या फोटोंचा. ‘सहा महिन्यांतला बदल’ दाखवणाऱ्या फोटोंत प्रकाश, मेकअप आणि कधी शस्त्रक्रियेचाही वाटा असतो. उशिरा सुरू केले म्हणून परिणाम होत नाही असेही नाही; तिशीत आणि चाळिशीतही लोक सुरू करतात.

भेटीच्या तारखेवरच सगळे आयुष्य टांगून ठेवू नये. परीक्षा, नोकरी, गाडी शिकणे ही कामे थांबवली, की तारीख पुढे गेल्यावर हाती काहीच राहत नाही. आठवड्यातून एक दिवस प्रतीक्षेच्या कामांसाठी राखावा आणि बाकीच्या दिवशी ती वही उघडू नये.

घरी सांगायचे असेल तर ज्या व्यक्तीचे घरात ऐकले जाते तिला आधी विश्वासात घ्यावे, आणि ती व्यक्ती पुष्कळ घरांत मामा, मोठी वहिनी किंवा आजी असते. प्रौढ व्यक्तीच्या उपचारांना घरच्यांची सही कायद्याने लागत नाही, तरी काही डॉक्टर नातेवाइकाला घेऊन या म्हणतात, तेव्हा जवळची मैत्रीण चालेल का असे विचारावे. मारहाणीची किंवा बळजबरीच्या लग्नाची शक्यता असेल तर सांगण्याची घाई करू नये. मूळ कागदपत्रे, थोडे पैसे आणि कपडे विश्वासू व्यक्तीकडे ठेवावेत आणि केंद्र सरकारच्या गरिमा गृह निवाऱ्यांची चौकशी संस्थांमार्फत करून ठेवावी. जगणे नकोसे झाल्याचे विचार येत असतील तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. त्या वेळी हार्मोनची तारीख किती लांब आहे हा प्रश्न बाजूला ठेवून फक्त आजची रात्र कोणाच्या सोबतीने काढायची ते ठरवावे.

ब्रिटनमधील मराठी वाचकांसाठी

इंग्लंडमध्ये प्रतीक्षेचे रूपच वेगळे आहे. तेथे एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या सनदेत तज्ज्ञ उपचार १८ आठवड्यांत सुरू व्हावेत असे म्हटले असले, तरी प्रौढांच्या लिंगभाव क्लिनिकच्या पहिल्या भेटीला कित्येक वर्षे लागतात. जीपीने, म्हणजे नोंदणी केलेल्या स्थानिक डॉक्टरांनी, पाठवलेल्या रेफरलची प्रत व क्लिनिकची पोच मागून ठेवावी आणि घर बदलले की दोन्हीकडे पत्ता कळवावा, कारण पत्राला उत्तर न आल्यास नाव यादीतून वगळले जाऊ शकते. जी व्यक्ती आधीच स्वतःहून औषधे घेत आहे तिच्यासाठी जीपी तज्ज्ञांच्या सल्ल्याने तात्पुरती चिठ्ठी देऊ शकतात, पण ते बांधील नसतात. भारतात उपचार सुरू करून शिकायला जाणाऱ्यांनी डॉक्टरांचे इंग्रजी पत्र बरोबर न्यावे. टेस्टोस्टेरॉन तेथे नियंत्रित औषधांत मोडते. आपल्या प्रयोगशाळा टेस्टोस्टेरॉन नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात आणि तेथे ते नॅनोमोलमध्ये मोजतात: आपल्याकडचे १०० म्हणजे तेथले सुमारे ३.५. हा फरक न कळल्याने अहवाल पाहून घाबरगुंडी उडते.

दहावी पायरी : पहिली भेट

भेटीला जाताना मूळ पत्र आणि त्याच्या दोन झेरॉक्स, ओळखपत्र, ताजे अहवाल, चालू असलेल्या सर्व औषधांची यादी आणि आपले प्रश्न लिहिलेला कागद न्यावा. भेट बहुधा दहा-पंधरा मिनिटांत संपते, म्हणून प्रश्न महत्त्वाच्या क्रमाने लिहावेत. कोणता बदल परत फिरतो आणि कोणता नाही, औषध गोळी, जेल की इंजेक्शन यांपैकी कोणत्या रूपात मिळेल आणि का, ते गावाजवळ मिळाले नाही तर पर्याय काय, डोस चुकला तर काय करावे, आणि त्रास झाल्यास कोणत्या क्रमांकावर कळवावे, हे विचारून घ्यावे. त्या दिवशी चिठ्ठी मिळाली नाही तर आणखी नेमके काय हवे आहे ते केसपेपरवरच लिहून मागावे. तोंडी सांगितलेले पुढच्या वेळी दुसरे डॉक्टर असले की बदलते. चिठ्ठी मिळाली तर पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी तपासण्या होतात, तेव्हा पहिल्या तपासणीची तारीख आणि पुढची वेळ त्याच दिवशी खिडकीवर नोंदवूनच बाहेर पडावे.